रिंगेतला पोपट

लिंबायतच्या सुई-दोऱ्याच्या दुकानात गर्दी होती. यमुनाबाईंनी पुढे आईसोबत उभ्या असलेल्या पोरीला पाहताच ओळखले. लेकासाठी आलेल्या फोटोतली उज्ज्वला ती हीच. रविवारी हिलाच बघायला जायचे होते. मायलेकींनी मात्र त्यांना कधी पाहिले नव्हते. यमुनाबाईंनी पदर सावरला नि कान टवकारले.

“आई, भरतकामाला प्लास्टिकची रिंग नको. तिच्यात कापड ढिलं पडतं.”

“म्हणून पोपट परकराला शिवलास होय?”

“मांडीवर धरून भरत होते, कळलंच नाही. मी उठले तर पोपटही उठला!”

“दात काढू नकोस. रविवारी भिंतीवर काय टांगू? मुलाची आई भरतकाम उलटं करून गाठी बघते म्हणतात. गाठी दिसल्या की गेलं स्थळ.”

“मग तिलाच रिंगेत ताणून टांगू.”

“हळू बोल, कार्टे!”

यमुनाबाईंना राहवेना.

“लाकडाची घे गं, पितळी स्क्रूची. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळ, म्हणजे कापड सरकत नाही. टांगताना मागून जाड कापड शिवून टाक. गाठी कोणाच्या बापाला दिसायच्या नाहीत.”

“पण मावशी, त्या बाईनं ते कापडही उसवलं तर?”

“नाही उसवणार ती.”

“तुम्ही ओळखता तिला?”

“रोज वेणी घालताना आरशात दिसते.”

यमुनाबाई दुकानदाराकडे वळल्या.

“शेठ, हिला याहून मोठी रिंग दाखवा. आमच्या घरची भिंत रुंद आहे.”