तिनं विचारलं होतं

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर शिवणकारखान्यातल्या दोघी बसल्या होत्या. धाकटी नुकतीच आली होती. त्यांची मैत्रीण आत आयसीयूत होती.

“ताई, मशीन सुरू करण्याआधी डोळे मिटून काय पुटपुटता, असं तिनं तुम्हाला विचारलं होतं ना?”

“हो. तिचा नवरा गेला, त्याच आठवड्यात.”

“मग?”

“डोकं दुखतंय म्हटलं.”

“अहो, येशूचं नाव घेते म्हणायचं!”

“लोक म्हणाले असते, धर्म गळ्यात मारते. नऊ वर्षं शेजारी बसून तोंडाला कुलूप लावलं गं.”

“आता तरी सांगा.”

“सांगितलं सकाळी. कानाशी वाकून प्रार्थनाही केली.”

“काय म्हणाली?”

“परवापासून तिला शुद्धच नाही.”