आत्याचे युरो

आमच्या आत्याचं कोरियाचं प्रकरण सांगितलं नाही ना तुम्हाला? ती मानपाड्याला राहते, तिथून ठाण्याला जायचं तर शीळफाट्याला रिक्षा बदलावी लागते. कोरियन सिरीयली बघून बघून तिने तिकडे जायचंच ठरवलं. तिचा मुलगा जर्मनीत असतो, तो आलेला तेव्हा तिला थोडे युरो देऊन गेलेला. ते बदलायला ती ठाण्याला, परदेशी पैसे बदलून देणाऱ्या दुकानात निघाली, मी सोबत गेलेलो.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "युरोचे सरळ कोरियन वॉन होत नाहीत आमच्याकडे. आधी युरोचे रुपये, मग रुपयांचे वॉन."

"म्हणजे दोनदा कापणार?"

"छे हो काकू, कमिशन झीरो आहे."

आत्याने बोर्ड वाचला. घ्यायचा भाव वेगळा, द्यायचा वेगळा. "मग हा मधला फरक कोणाच्या खिशात जातो?"

त्याने फॉर्म पुढे सरकवला. आत्या मला म्हणाली, "शीळफाट्याला रिक्षा बदलतो तसंच आहे रे हे. दोन रिक्षा, दोन भाडी." आणि बदलून घेतले.

पुढे व्हिसाच नाकारला. परत ठाणं, परत तोच काउंटर, आता वॉनचे रुपये. हातात आले ते कमी रुपये बघून घरी तिचे यजमान, आमचे काका, भडकले.

"अगं, तू ठाण्याच्या पुढे गेली नाहीस! मग एवढे पैसे गेले कुठे?"

आत्या मटार सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"कोरियाला. मी नाही गेले, पण ते जाऊन आले ना. जाता-येता भाडं लागतंच की."