गाठी तपासताना

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीचा नवरा आत होता. तिच्या हातात जपमाळ होती.

"जप करतेयस होय, ताई? बरं केलंस."

"जप कसला. गिऱ्हाइकाची माळ आहे. मण्यामण्यांमधल्या गाठी घट्ट बसल्यात का, तेवढं बघतेय."

"आज तरी काम बाजूला ठेव. दाजी आत आहेत."

"मी नाव घेत बसले म्हणून डॉक्टरचा हात जास्त चांगला चालणार आहे का?"

"ओवताना तरी घेतेस ना? गाठीगाठीला नाव घ्यायचं असतं म्हणे."

"दुकानदार सांगतो तसं. मी वाणसामान आठवते. साखर, साबण, चहापूड."

"आणि लोक त्याच माळा डोळे मिटून ओढतात."

"ओढू देत की. माझ्या साबणानं त्यांचं काही अडलेलं नाही."

नर्स बाहेर आली, दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारून आत गेली.

"ताई, तो मोठा मणी आला की जप करणारा तिथून मागे फिरतो ना? तो ओलांडायचा नसतो."

"मला काय शिकवतेस? मीच बसवते तो."

"मग गाठी बघणाऱ्याला त्याचं काय? तो सरळ पुढे जाईल. तू मघापासून दर वेळी मागे फिरतेयस."

थोरलीचा अंगठा थांबला.

"मधे बोलू नकोस गं. आता पुन्हा पहिल्यापासून धरावं लागेल."