पोटावर झोपून पाहायचं फूल

मार्चातली सकाळ. मोहावी वाळवंटातल्या आमच्या गावच्या टपाल कचेरीत माझ्यापुढे व्हर्ना आणि लुपे उभ्या होत्या, दोघी पंचाहत्तरीच्या. नवरा ड्वेन गेल्यापासून व्हर्ना एकटीच राहायची. व्हर्नाच्या हातात पत्ता बदलायचा फॉर्म होता आणि स्वेटरला पुढून सगळी वाळू.

"पडलीस की काय गं?"

"काल झोपले होते, अंगणात. पोटावर."

"या वयात?"

"मग उभ्यानं काय दिसणार? टिकलीएवढं तर फूल! चाळीस वर्षं आम्ही त्याला गोल्डफील्डचं पिवळं रानफूल म्हणत आलो. ड्वेन तर जाईपर्यंत पैजा मारायचा."

"मग, नाही का ते?"

"पान भिंगाखाली धरलं, तर पांढऱ्या लोकरीनं मढलेलं. गोल्डफील्डला कुठली आलीय लोकर? ही लोकरी डेझी, लुपे!"

"अगं बाई!"

"आणि ते एक फूल नाहीच. मधल्या पिवळ्या ठिपक्यात पंचवीस फुलं मोजली मी. प्रत्येकाला पाच-पाच पाकळ्या."

"पण यंदा पाऊस कुठे झालाय?"

"दोन सरी. रोप माझ्या नखाएवढं. तरी फुललं ना!"

"ड्वेन असता तर?"

"आधी भांडला असता. मग माझ्याशेजारी आडवा झाला असता."

"आणि उठलीस कशी?"

"आधी गुडघे उठू देईनात. नंतर मलाच उठावंसं वाटेना."

"बरं, मुलीकडे शुक्रवारीच निघतेस ना?"

तेवढ्यात खिडकीतून हाक आली.

"पुढे या, बाई. फॉर्म भरून आणलात?"

"आणलाय. पण राहू द्या. माझं टपाल इथंच येऊ दे."