बारकूसाठी आणलेला पट्टा

...आणि वर मलाच विचारतात, मास्तर, मे महिन्यात मफलर कशाला? अहो, हौस आहे मला! तुम्हाला सांगतो, आमच्या डोकमर्डीत कुत्रा पाळणं म्हणजे अख्ख्या सोसायटीचं बोलणं विकत घेणं. आमचा बारकू... सुरंगी गावाहून आणला तेव्हा ओंजळीत मावायचा म्हणून बारकू, आता बत्तीस किलो. सकाळी साडेसहाला कंपनीची बस फाटकाशी येते, पाळीची माणसं न्यायला. ड्रायव्हर हॉर्न दाबतो, मी गॅलरीतून त्याला झापतो, आणि मग आमचा बारकू जो सुरू होतो!

झालं. चेअरमन ललितभाई दारात. "मास्तर, आ कूतरानुं कंईक करो ने! रविवारपर्यंत गप्प झाला तर ठीक, नाहीतर सुरंगीला परत." परत? अहो, माझ्या हातचा भात खाल्ल्याशिवाय झोपत नाही तो, आणि खरं सांगू का, तो पायाशी नसला तर मलाही झोप लागत नाही. बारकू कुठेही जाणार नाही. मी ठरवलं म्हणजे ठरवलं!

मागवला मग इलेक्ट्रॉनिक पट्टा. कुत्रा भुंकला की गळ्याची थरथर ओळखतो आणि शॉक देतो. बायको, आमची मृणाल, म्हणाली, मुक्या जनावराला शॉक देणार तुम्ही? म्हटलं, आधी मी घालून बघणार. हसू नका! तेवीस वर्षं सरकारी शाळेत आहे. मुलांच्या ताटात खिचडी पडायच्या आधी मास्तरांनी चव घ्यायची, हा नियम आहे. करपलेली, खारट, सगळी आधी माझ्या पोटात गेलीय. मग पट्ट्याला वेगळा न्याय कशाला?

रविवारी सकाळी घातला. हळूच म्हटलं, भू. काही नाही. जरा दमदार म्हटलं, भौ... आई गं! शॉक बसला म्हणून ओरडलो, ओरडलो म्हणून पुन्हा बसला, पुन्हा बसला म्हणून... मृणाल दारात उभी, हसून हसून डोळ्यांत पाणी. काढ म्हटलं, तर मागची कडी अडकलेली! आणि खालून ललितभाईंची हाक. मीटिंग मुद्दाम बसच्या वेळेला ठेवलेली, म्हणे, "कूतरो भसे छे के नहि, बधा जोई ले!" भुंकतो की नाही, ते सगळ्यांनी बघायचं. गुंडाळला मफलर, घेतला बारकूला, आणि मृणालला म्हटलं, चल. माघार नाही. मी ठरवलं म्हणजे ठरवलं!

खाली सगळी कमिटी खुर्च्या टाकून बसलेली. ललितभाईंनी तोंड उघडलं आणि मी नेहमीसारखा कडाडलो, "ललितभाई, तुमच्या...!" बसला शॉक. मग काय, एकदम मवाळ आवाजात, "...तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे." कमिटी गार! तेवढ्यात बस आली. हॉर्न वाजला... एकदा, दोनदा... म्हटलं, गेला आता बारकू सुरंगीला. ड्रायव्हरवर ओरडायला तोंड उघडलं, गळ्यातला पट्टा आठवला, मिटलं. बारकूनं कान टवकारले. माझ्याकडे बघितलं. बसकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं... आणि जांभई देऊन माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला की हो!

आणि मृणाल, सगळ्या कमिटीसमोर, शांतपणे म्हणाली, "तो बसवर कधी भुंकतच नव्हता. हे ओरडले की त्यांना साथ द्यायचा."

ठराव झाला. बारकू राहिला. मला रडूच आलं, पण तेही बिनआवाजाचं. कडी निघाली घरी आल्यावर, खोबरेल तेल लावून. म्हटलं, सुटलो! पण मृणालनं पट्टा काही परत करू दिला नाही. रोज सकाळी सहाला माझ्या गळ्यात बांधते, वरून मफलर. तिनं ठरवलं म्हणजे ठरवलं.

आत्ता तो चार्जिंगला लावलाय, म्हणून तुमच्याशी एवढं बोलून घेतलं... थांबा, हिरवा दिवा लागला वाटतं.