लाल खात्याचा जावई

ठेव, ठेव तो मोबाइल खिशात. चष्मा नसला तरी आकडा दिसतोय मला. खातं लालातून बाहेर आलं, ओव्हरड्राफ्ट फिटला, बँकेची फी फिटली, वर चार दिनार उरलेत — छान झालं. हा बक्लाव्याचा डबाही बघितला मी. आपल्या स्फाक्समध्ये माणूस मिठाईचा डबा घेऊन येतो तो पोरगा झाला म्हणून, नाहीतर घर घेतलं म्हणून. तू आलास खातं शून्यावर आलं म्हणून. शून्यावर, लस्साद. लोकांचे जावई फ्लॅटची किल्ली दाखवतात. बस ना, असा उभा का — अमानी दवाखान्यातल्या ड्यूटीवरून यायला अजून वेळ आहे, म्हणून तर तुला मी याच वेळेला बोलाव… म्हणजे, तू आत्ता आलास ते बरंच झालं. दोघांनाच बोलता येईल.

काय? ‘मी काही म्हटलं का?’ म्हणतोस? नसशील म्हटलं, पण बघतोयस असं की जणू तुझं खातं मीच लाल केलं. साखरपुडा होऊन चार वर्षं झाली, होणाऱ्या बायकोच्या घरी सणाचा मान न्यायचा ही रीत मी काढली का? सगळं गाव करतं. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री सोनं, ईदला कापड आणि खारवलेला मासा, मोठ्या ईदला मेंढा. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की खालच्या मजल्यावरच्या बिय्याबाईच्या जावयाने शिंगवाला मेंढा आणला, आणि तो जिन्याने वर येताना सगळ्या इमारतीने दारं उघडून बघितला. तर पुढच्या वर्षी तूही शिंगवालाच आणलास. मी सांगितलं होतं का बँकेतून उचलून आण म्हणून? मास्तराचा पगार तो केवढा — रात्री जमा होतो आणि सकाळी तू तोंड धुवेपर्यंत बँकेने खाल्लेला असतो. आधी व्याज, मग व्याजावर कमिशन, मग मर्यादा ओलांडली म्हणून फी, मग फी कापली हे कळवलं म्हणून त्याची फी. मला नको सांगूस, मला तोंडपाठ आहे सगळं. अमानीच्या बापाच्या खात्यावर तर तो गेल्यावरही फी लावत होते. मी विचारलं त्या काउंटरवरच्या पोरीला, की बाई, कबरीत कसली सेवा देताय त्याला? तर म्हणते, मॅडम, खात्यावर तुमचीही सही आहे. आता एकट्या बाईने भरायचं कुठून? हाताशी जे होतं ते मग —

जाऊ दे. बदामाचं सरबत घे. गार आहे तोवर घे.

तर मुद्दा असा. अमानीला स्थळ आलंय. माझ्या चुलतभावाचा मुलगा, तिकडे समुद्रापलीकडे मोंपेलिएला असतो, गाड्यांच्या काचा बसवायचं स्वतःचं दुकान आहे. — तिने हो म्हटलं का? म्हणेल. — विचारलंय का म्हणतोस? विचारणारच आहे, आधी तुझं मिटू दे. तू फक्त एवढं कर, की हे लग्न तुझ्याकडून मोडलं असं सांग. आम्ही का मोडत नाही म्हणतोस? अरे, बिय्याचा भाऊ कोर्टात कारकून आहे, त्याने मला नीट समजावून सांगितलं — मुलाने मोडलं तर त्याने दिलेलं परत मागायचं नाही, मुलीकडून मोडलं तर दिलेलं सगळं परत. आता तो मेंढा मी कुठून परत देऊ, तो तर खाल्ला. मासाही खाल्ला, आणि खारट होता, तेव्हा बोलले नाही. — सोन्याच्या बांगड्या? बांगड्या आहेत की. ठेवल्यात. — आण म्हणतोस? होणाऱ्या सासूला बांगड्या आणून दाखव म्हणतोस, वर्गात पोरांना हेच शिकवतोस का? — बरं बाबा, विकल्या. झालं समाधान? विकल्या आणि अमानीच्या बापाचं खातं बंद केलं. अमानीला सांगितलं की कपाटात ठेवल्यात, लग्नाशिवाय घालायच्या नसतात. तुझं सोनं गेलं आमच्या बँकेत, तुझा पगार गेला तुझ्या बँकेत, आणि दोन्ही बँका एकाच रस्त्यावर, समोरासमोर.

सोनं नकोच म्हणतोस? फक्त अमानी हवी? वा. मोठ्या मनाचा आहेस. पण ती छाती जरा आत घे, जावईबापू. मी फेडलं, मी फेडलं, हे मघापासून तिसऱ्यांदा ऐकतेय. शिकवण्या करून फिटलं म्हणे. तुझ्या शिकवण्यांतून फीची फी निघत नव्हती. मार्चमध्ये मोठी रक्कम जमा झाली ना? कुणाची होती ती? मामाची? जर्मनीच्या त्या मामाने आजवर एक चॉकलेट तरी पाठवलंय का तुला? तू फोनवर त्याचे आभार मानत बसलास आणि तो म्हणाला असेल, असू दे रे, असू दे. फुकटचं पुण्य कोण सोडतो.

अमानीने भरले ते. तिच्या हाताने, काउंटरवर, रोख. मला शपथ घातली होती तिने — आता गेलं तोंडातून, जाऊ दे. आणि तिच्याकडे साठलेले होते असं समजू नकोस, दिवसभर लोकांचं रक्त काढणाऱ्या पोरीकडे काय साठणार. तिनेही तिच्या बँकेतून तसेच उचलले. आता तिचं खातं लाल आहे. तू खुर्चीवरून उठलास ना, ती खुर्ची गार व्हायच्या आत ती जाऊन बसली. मार्चपासून दुपारचं जेवण घरून नेते, भाकरी आणि ऑलिव्ह. विचारलं तर म्हणते, वजन कमी करतेय. आहे का तिच्या अंगावर कमी करण्यासारखं काही?

अरे, तुझा रंग का उडाला? पी ते सरबत.

आता सांग, हा डबा कुणाच्या पैशाचा? — नको, नको, रडू नकोस, मला पुरुष रडलेले बघवत नाहीत, किळस येते. नीट ऐक. मोंपेलिएवाला येईल तेव्हा तिचं खातं एका सहीत साफ करील. तू काय करशील? तिला बाहेर काढायला परत लालात जाशील, मग तुला काढायला ती जाईल — जन्मभर विहिरीवरच्या दोन बादल्यांसारखे वर-खाली करत राहाल. तुझा जीव आहे ना तिच्यावर? मग मोड. ती रडेल. मीही रडले होते लग्नाआधी, एकाच्या नावाने. तो अजून दिसतो शुक्रवारी नमाजाहून परतताना, आता चांगली गाडी आहे त्याच्याकडे. माणूस मरत नाही रडून. तू फक्त म्हण, मला नको. बास. तेवढंही जमत नसेल तर काहीच म्हणू नकोस, मी म्हणेन, तू नुसता बसून राहा —

थांब. किल्ली वाजली. आज लवकर कशी आली ही? अंगठी काढ. काढ रे, ठेव या बशीत. निघत नाही? आण, मी काढते.

ये गं, अमानी. पर्स ठेव. अगं, त्याच्या शेजारी बसू नकोस, तो निघालाय. मोडायला आलाय तो. मी मघापासून सरबत देऊन समजावतेय त्याला, की बाबा, चार वर्षं पोरगी थांबली तुझ्यासाठी — तर ऐकत नाही. ती बघ, अंगठी काढून ठेवलीय बशीत. माझ्याकडे काय बघतेस? त्याला विचार. समोरच बसलाय, दातखीळ थोडीच बसलीय. काय रे लस्साद, मी खोटं सांगतेय का हिला? सांग ना. मी खोटारडी असेन तर आत्ता, हिच्या तोंडावर सांग.

बघितलंस, अमानी?

जा आता, बाबा. जिन्यातला दिवा गेलाय, भिंतीला धरून उतर. — डबा राहू दे. मोडणाऱ्याने दिलेलं परत न्यायचं नसतं.