नगण्य धूर

माझी फजिती ऐका. देवळ्याला नव्या कांदा मार्केटची जनसुनावणी होती आणि पर्यावरण अहवाल माझा. मी ऐटीत वाचलं, "वाहनांमुळे होणारं कार्बन उत्सर्जन नगण्य."

एक शेतकरी आक्का उठल्या. "साहेब, मोठ्यानं वाचा. बाहेर एक गाडी मघापासून घुरघुरते, काय ऐकू येत नाय."

गाडी माझीच! सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. एसी चालू ठेव, असं ड्रायव्हरला मीच बजावलेलं.

आक्का म्हणाल्या, "मग रांगेत दिवसभर चालू राहणाऱ्या आमच्या ट्रॅक्टरांचा धूर मोजला का?"

नव्हता मोजला. अधिकाऱ्यांनी अहवाल परत पाठवला. जुन्या मार्केटच्या रांगेत धूर मोजल्यावर मीच हबकलो. आता नव्या मार्केटात टोकन देतात. नंबर पुकारला की मगच ट्रॅक्टर सुरू करायचा.

परवा आक्का तिथेच निवांत चहा पीत होत्या. मला बघून ओरडल्या, "साहेब, आमचा ट्रॅक्टर बंद हाय. तुमची गाडी?"